निकेया, नवा जन्म आणि आजची मंडळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासवर्गात, तरुण संघाच्या शिबिरात आणि उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलाभोवती जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. वाचक मराठी प्रोटेस्टंट आहे असे धरून चाललो आहे. उत्तरांत माझी मते आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

‘ऑर्थोडॉक्स’ म्हणजे ती केरळची मंडळी ना?

तीही. मलंकरा ऑर्थोडॉक्स, ग्रीक ऑर्थोडॉक्स, रशियन ऑर्थोडॉक्स ही मंडळ्यांची नावे झाली. त्यातही मलंकरा मंडळी ज्या सिरियन परंपरेत बसते, तिने ४५१ ची खाल्केदोनची (बिशपांची) परिषद मान्य केलेली नाही; ग्रीक आणि रशियन मंडळ्यांनी केली आहे. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळी घराणी आहेत.

या पानावर हा शब्द दुसऱ्या अर्थाने येतो. देव कोण, ख्रिस्त कोण, तारण कसे, याविषयी प्राचीन मंडळीने ठरवून दिलेली आणि कॅथलिक, पूर्वेकडील व प्रोटेस्टंट अशा साऱ्यांनी मिळून जपलेली शिकवण. या अर्थाने तुमच्या गावातला मेथडिस्ट पाळकही ऑर्थोडॉक्स असू शकतो. असायलाच हवा, असे मी म्हणेन.

त्या शिकवणीत नेमके काय येते?

थोडक्यात, निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळीच्या त्या जुन्या विश्वासाच्या निवेदनात, जे येते ते. एक देव, पिता, सर्व दृश्य-अदृश्य गोष्टींचा निर्माता. एक प्रभू येशू ख्रिस्त, ‘देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश’, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे. तो आपल्यासाठी मनुष्य झाला, क्रुसावर खिळला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, पुन्हा येणार आहे. पवित्र आत्मा, जीवन देणारा प्रभू. एक मंडळी, एक बाप्तिस्मा, मृतांचे पुनरुत्थान. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य कसा, हे खाल्केदोनने अधिक स्पष्ट केले.

यादीत काय नाही तेही पाहून ठेवा. पृथ्वीचे वय नाही, हजार वर्षांच्या राज्याचे वेळापत्रक नाही, उपासनेत ड्रम असावेत की नाही हेही नाही.

३२५ साली निकेयात भांडण कशावरून झाले?

अलेक्झांड्रियात अरियस नावाचा एक वडील होता. त्याचे म्हणणे असे, की पुत्र फार थोर आहे, सगळ्या सृष्टीआधीचा आहे, पण तोही शेवटी निर्माण केलेलाच. एक काळ असा होता की तो नव्हता. सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना निकेयाला बोलावले. ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझनिक. तिथे ठरले की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. अरियसला बाहेर काढले.

पण भांडण तिथे संपले नाही, आणि हा भाग आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. पुढची पन्नासेक वर्षे वारे कधी इकडे तर कधी तिकडे वाहत होते. निकेयाच्या बाजूने खंबीर उभ्या राहिलेल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, त्यांतले चार वेळा ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सम्राटांच्या काळात. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीचा भाग भरून निघाला. आज आपण उपासनेत म्हणतो तो मजकूर त्या परिषदेशी जोडला जातो. तेव्हा ‘सम्राटाने हुकूम काढला आणि येशू देव झाला’ ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट इतिहासाला धरून नाही. सम्राटांच्या मर्जीवर असते, तर अरियसचा पक्ष जिंकायची संधी अनेकदा आली होती.

२०२५ मध्ये या परिषदेला १७०० वर्षे झाली. त्या नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी इझनिकला जाऊन एकत्र प्रार्थना केली. आपल्याकडच्या किती मंडळ्यांत त्या वर्षी निकेयावर एक तरी उपदेश झाला असेल, हा प्रश्न मला पडतो.

आणि इव्हँजेलिकल कोणाला म्हणायचे?

इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या, त्या आता सगळीकडे वापरल्या जातात : बायबलला सर्वोच्च मान, क्रुसावरच्या मरणावर भर, माणसाचे मन पालटलेच पाहिजे हा आग्रह, आणि विश्वास कृतीत उतरवण्याची धडपड. आपल्या भाषेत, ज्या मंडळीत साक्ष द्यायला उभे करतात आणि ‘तुमचा नवा जन्म झाला आहे का?’ असे सरळ विचारतात, ती बहुधा इव्हँजेलिकल वळणाची.

या चार खुणांत त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) नाही. बेबिंग्टन इतिहासकार म्हणून चळवळीचे वर्णन करत होते. सिद्धांत सांगणे हा त्यांचा हेतू नव्हता, त्यामुळे दोष त्यांना नाही. पण पुढे लोक हे वर्णनच व्याख्या म्हणून वापरू लागले. घोटाळा तिथून सुरू होतो.

फंडामेंटलिस्ट आणि इव्हँजेलिकल एकच का?

मूळ एक, वाटा दोन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठा वाद पेटला. कुमारीपासून जन्म, शारीरिक पुनरुत्थान, चमत्कार हे सगळे आधुनिक माणसाला पटेल अशा रीतीने सौम्य करावे, असे एका बाजूचे मत. प्रिन्स्टनचे जे. ग्रेशम मेचन यांनी १९२३ मध्ये उलट मांडले, की हा ख्रिस्ती धर्माचा सौम्य प्रकार नाही, हा वेगळाच धर्म आहे. मेचन यांची भाषा कडक होती, पण भांडण विश्वासांगीकारातल्याच गोष्टींवर होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

त्यानंतर जुन्या शिकवणीला घट्ट धरून राहिलेला फंडामेंटलिस्ट गट जगापासून तुटत गेला. १९४० च्या दशकात कार्ल हेन्री, हॅरॉल्ड ओकेंगा, बिली ग्रॅहम अशा मंडळींनी वेगळी वाट धरली : शिकवण जुनीच, पण विद्यापीठे, वर्तमानपत्रे आणि समाज यांच्याकडे पाठ फिरवायची नाही. भारतातली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया १९५१ ची. तीही याच लाटेतली.

आम्ही फक्त बायबल मानतो. माणसांनी लिहिलेला विश्वासांगीकार कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर थोडे लांब.

अरियसही बायबलच उघडून बसला होता. नीतिसूत्रांच्या ८ व्या अध्यायातले ज्ञान ‘उत्पन्न’ झाले आहे, असे तो दाखवायचा. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहान १४:२८ त्याच्या बाजूला तोंडपाठ होते. आज तुमच्या दारावर यहोवाचे साक्षीदार येतात, तेही हीच वचने काढतात. ‘बायबल काय म्हणते’ एवढ्याने वाद मिटत नाही. संपूर्ण बायबल मिळून काय म्हणते, हे सांगावे लागते. निकेयाचा विश्वासांगीकार म्हणजे ते सांगण्याचा मंडळीने केलेला, घासूनपुसून घेतलेला प्रयत्न. तो बायबलच्या वर नाही. ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी पोपचा अधिकार नाकारला, पण निकेया नाकारले नाही, हे विसरू नका.

आता ‘फक्त बायबल’ एवढ्यावर थांबले तर काय होते, त्याचे एक उदाहरण घ्या. १९४९ मध्ये अमेरिकेत इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. सभासदाने दरवर्षी ज्यावर सही करायची तो सिद्धांत एका वाक्याचा होता : फक्त बायबल, आणि संपूर्ण बायबल, हे देवाचे लिखित वचन असून म्हणून मूळ लेखांत ते निर्दोष आहे. बस. त्रैक्याचे वाक्य त्यात १९९० मध्ये घातले गेले. मधली चाळीसएक वर्षे जगातल्या सर्वांत मोठ्या इव्हँजेलिकल विद्वत्सभेत कागदोपत्री तरी त्रैक्य न मानणारा माणूस बसू शकत होता, पण बायबलमध्ये एक चूक आहे म्हणणारा बसू शकत नव्हता.

या नियमाने काय काय झाले तेही पाहा. १९८३ मध्ये रॉबर्ट गंड्री यांना राजीनामा द्यावा लागला, कारण मत्तयाच्या काही प्रसंगांत इतिहासापेक्षा यहूदी पद्धतीचे विवरण आहे, असे त्यांनी लिहिले होते. बायबलच्या निर्दोषतेवर त्यांची सही होती, तरीही. २००३ मध्ये क्लार्क पिनॉक आणि जॉन सँडर्स यांच्यावर वेळ आली. भविष्य देवालाही पूर्णपणे ठाऊक नसते, अशा मताचे ते दोघे. देवाच्या स्वरूपाविषयीचा इतका मूळचा प्रश्न, पण खटला चालला तो निर्दोषतेच्या कलमाखाली, कारण त्रैक्याचे कलम इथे लागू पडत नव्हते आणि तिसरे कलमच नव्हते. काढून टाकायला लागणारी दोन-तृतीयांश मते पडली नाहीत आणि दोघे राहिले. २००७ मध्ये सभेचे अध्यक्ष फ्रान्सिस बेकविथ कॅथलिक मंडळीत परतले आणि त्यांनी पद सोडले.

म्हणजे सगळे इव्हँजेलिकल असेच?

नाही. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुमारे १५० देशांतले दोन हजारांहून अधिक लोक जमले. तिथल्या कराराचा मसुदा घडवण्यात इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांचा मोठा वाटा होता. त्याचा पहिला परिच्छेद एकाच सनातन देवापासून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यापासून सुरू होतो. बायबलचा अधिकार दुसऱ्या परिच्छेदात. लॅटिन अमेरिकेतले रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी जोर लावल्यामुळे सामाजिक जबाबदारीला पाचव्या परिच्छेदात जागा मिळाली. आधी देव कोण, मग तो कसा बोलला, मग आपण काय करायचे. हा क्रम मला बरोबर वाटतो.

सामान्य विश्वासणाऱ्याला याने काय फरक पडतो? त्रैक्य तसेही कोणाला कळत नाही.

आपल्या प्रार्थना ऐका. ‘हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी क्रुसावर मेलास, तुझे रक्त सांडलेस, म्हणून तुझे आभार मानतो, येशूच्या नावात, आमेन.’ गेल्या महिन्यात तुमच्या घरगुती सभेत हे झालेच असेल. प्रार्थना करणाऱ्याचे मन शुद्ध आहे, देव ऐकतोही. पण पिता क्रुसावर मेला असे मंडळीने कधीच शिकवलेले नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच प्राचीन मंडळीचा लेखक तेर्तुलियन याने या समजुतीवर तिखट लिहिले आहे. संडे स्कूलमध्ये पाणी, बर्फ आणि वाफ दाखवून त्रैक्य शिकवतात, त्यातूनही हेच होते : एकच देव, तीन वेळा रूप पालटणारा. मग यार्देनेत पुत्राचा बाप्तिस्मा होताना पिता स्वर्गातून कोणाशी बोलला?

अमेरिकेत लिगोनियर मिनिस्ट्रीज आणि लाइफवे रिसर्च एक पाहणी करतात. २०२२ च्या पाहणीत इव्हँजेलिकल लोकांपैकी ७३ टक्क्यांनी ‘येशू हा देवाने निर्माण केलेला पहिला आणि सर्वांत थोर जीव आहे’ याला होकार दिला. ‘येशू थोर गुरू होता, पण देव नव्हता’ याला ४३ टक्क्यांनी. पहिल्या आकड्याला थोडी सूट द्या. कलस्सैकरांस पत्रात ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ असे आहे, त्याचा प्रतिध्वनी ऐकून अनेकांनी मान डोलावली असेल. दुसऱ्याला सूट देता येत नाही. आणि या पाहणीत इव्हँजेलिकल कोण, तर बायबल सर्वोच्च आहे, येशूचे मरण हाच पापांवरचा एकमेव यज्ञ आहे, अशा चार विधानांना ठाम होकार देणारे. सगळ्या खुणा जागेवर आहेत आणि अरियस आत येऊन बसला आहे.

‘फक्त येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांचे काय?

१९१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पेंटेकॉस्टल शिबिरात हा विचार पुढे आला. प्रेषितांची कृत्ये २:३८ (येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा) घ्यायचे आणि मत्तय २८:१९ (पिता, पुत्र आणि आत्मा यांच्या नावाने) त्याच्या खाली बसवायचे, म्हणजे ही तिन्ही नावे येशूचीच असे धरायचे. १९१६ मध्ये असेम्ब्लीज ऑफ गॉड या संघटनेने त्रैक्याची बाजू स्पष्ट घेतली आणि तिच्या सेवकांपैकी सुमारे चतुर्थांश बाहेर पडले. गंमत अशी, की ‘आम्हाला विश्वासांगीकार नको, आत्मा पुरे’ म्हणत निघालेल्या संघटनेला दोन-तीन वर्षांतच स्वतःचे विश्वासाचे निवेदन लिहावे लागले. या मंडळ्यांतले लोक प्रेमळ आहेत, प्रार्थनेत आपल्यापेक्षा पुढे आहेत. तरी ही शिकवण निकेयाच्या बाहेरची आहे.

पुत्र पित्याच्या सनातन अधीन आहे, असे एका वेबिनारमध्ये ऐकले. हे बरोबर आहे का?

वेन ग्रूडेम आणि ब्रूस वेअर या अमेरिकन धर्मशास्त्रज्ञांनी ही मांडणी केली : तत्त्वाने समान, पण अनंतकाळापासून पिता आज्ञा करणारा आणि पुत्र ती पाळणारा. त्याला जोडून पुढचे पाऊल, की घरात पती-पत्नीचेही तसेच. जून २०१६ मध्ये यावर जोराचा वाद झाला. टीका करणारे बरेच जण स्वतः जुन्या वळणाच्या विचारांचे, स्त्रियांनी पाळक होऊ नये असेच मानणारे होते. त्यांचा मुद्दा साधा होता. देवाची इच्छा एकच असेल, तर तिच्यात आज्ञा देणारी आणि पाळणारी अशा दोन इच्छा आल्या कुठून? पुत्राने आज्ञापालन केले ते मनुष्य होऊन. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघांनीही पुत्राचा सनातन जन्म (पुत्र अनादिकाळापासून पित्यापासून जन्मलेला आहे, ही शिकवण) आपण आता मानतो, असे जाहीर केले. तोवर त्या जुन्या शिकवणीविषयी त्यांना शंका होती.

घरगुती वाद जिंकायला त्रैक्य वापरू नये. माझे मत विचाराल तर एवढेच.

पंडिता रमाबाईंनी त्रैक्य नाकारले होते, हे खरे का?

प्रश्न उपस्थित केले होते, आणि चांगलेच. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांचा वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी मोठा पत्रव्यवहार झाला. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, अँग्लिकन मंडळीची बंधने, सगळ्यावर रमाबाई खोदून विचारत होत्या. पाळक आणि बिशप यांच्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुराणे आणि स्मृती स्वतः वाचून ज्यांनी गुरूंना प्रश्न केले, त्या बाई दुसरे काय करणार होत्या? सिस्टर जेराल्डिन वारंवार आज्ञापालनाकडे वळत. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील मात्र वाद घालायला तयार असत. माझ्या मते रमाबाईंना दुसऱ्या वाटेनेच काही मिळाले असेल.

पुढची गोष्ट इव्हँजेलिकल आहे. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यात त्या म्हणतात. तो अनुभव १८९१ च्या सुमाराचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात मोठे संजीवन झाले आणि त्याची बातमी चिलीपर्यंत गेली. मन पालटणे आणि शिकवण पचणे या दोन्ही गोष्टींना त्यांच्या आयुष्यात वेगवेगळा वेळ लागला. आपण मात्र शिबिराच्या शेवटच्या रात्री हात वर करायला लावून दोन्ही उरकू पाहतो.

‘समृद्धीची सुवार्ता’ ही पाखंड आहे का?

निकेयाच्या मोजपट्टीने पाहिले तर यातले पुष्कळ प्रचारक त्रैक्य मानतात. म्हणून मी तो शब्द जपून वापरतो. २०१० च्या केप टाउनच्या लोझान करारनाम्यात या शिकवणीचा स्पष्ट निषेध आहे, आणि तो योग्य आहे : देवाला दिलेला पैसा दामदुपटीने परत येतो, हे वचन बायबलमध्ये नाही. कर्ज काढून ‘बी पेरणाऱ्या’ माणसाला त्रैक्याची व्याख्या शिकवून उपयोग नाही. त्याला ईयोब वाचून दाखवा. निकेयाने सगळी कामे होत नाहीत.

पृथ्वीचे वय, स्त्री-पाळक, समलैंगिक विवाह : हे ऑर्थोडॉक्सीचे प्रश्न आहेत का?

पृथ्वीचे वय नाही. बायबलच्या निर्दोषतेचा सर्वांत तगडा पुरस्कर्ता बी. बी. वॉरफिल्ड याला पृथ्वीच्या प्राचीनतेची अडचण नव्हती. सहा हजार वर्षांचा आग्रह इतका पसरला तो १९६० च्या दशकापासून.

स्त्रियांची दीक्षा हाही मंडळीच्या व्यवस्थेचा प्रश्न. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) स्त्रिया दीक्षित पाळक आहेत आणि विश्वासांगीकार तोच म्हणतात.

तिसरा प्रश्न जास्त तापलेला आहे. एक बाजू म्हणते, विवाह हा निर्मितीच्या शिकवणीचा भाग आहे आणि मंडळीने त्याविषयी सर्वकाळ एकच शिकवले, म्हणून ही सीमारेषा आहे. दुसरी म्हणते, विश्वासांगीकारांत विवाहाचा उल्लेख नाही, म्हणून यावर मतभेद ठेवूनही सहभागिता राहू शकते. चर्च ऑफ इंग्लंड याच मुद्द्यावर दुभंगत चालले आहे. विश्वासांगीकारात नाही म्हणून गोष्ट बिनमहत्त्वाची ठरत नाही. पण या एका प्रश्नावर ‘ऑर्थोडॉक्स’ ठरवायचे आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर परीक्षा घ्यायचीच नाही, हे उलटे आहे.

सीएनआयमध्ये नवा जन्म शिकवत नाहीत, म्हणून ती लिबरल. बरोबर?

चूक. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्टही होते. म्हणून बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्हींना जागा ठेवली. प्रेषितांचा आणि निकेयाचा विश्वासांगीकार दोन्ही तिला मान्य आहेत. एखादा पाळक काय उपदेश करतो हा निराळा प्रश्न, आणि तो स्वतंत्र फेलोशिपांनाही लागू आहे. तिथे तर विचारायला वर कोणी नसतो.

टिळकांचा ‘देवाचा दरबार’ ऑर्थोडॉक्स होता का?

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुवर्ग काढला. ‘एक बाप्तिस्मा’ म्हणणाऱ्या मंडळीला तो अडचणीचा वाटणारच. अभंगांना मात्र कोणी नावे ठेवू नयेत. अभंगात गायल्याने शिकवण पातळ होत नाही.

काही इव्हँजेलिकल तरुण कॅथलिक किंवा पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीत का जातात?

हे नवे नाही. १९७७ मध्ये शिकागोजवळ काही इव्हँजेलिकल विद्वानांनी आपल्या लोकांना प्राचीन मुळांकडे वळण्याची हाक दिली. १९८७ मध्ये कॅम्पस क्रूसेड या विद्यार्थ्यांत सुवार्ता सांगणाऱ्या संघटनेचे जुने कार्यकर्ते पीटर गिलक्विस्ट यांच्यासह सुमारे दोन हजार लोक अँटिओकच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत गेले. मेथडिस्ट धर्मशास्त्रज्ञ थॉमस ओडेन मात्र मेथडिस्टच राहून मंडळीच्या जुन्या पित्यांकडे वळले. जाणाऱ्यांशी बोललात तर कळते, की त्यांना धूप आणि घंटा हव्या असतात असे नाही. दर आठवड्याला पाळकाच्या मूडवर न ठरणारी उपासना हवी असते. ती द्यायला मंडळी सोडावी लागत नाही.

आमच्या फेलोशिपमध्ये विश्वासांगीकार म्हणतच नाहीत. सुरुवात कुठून करावी?

प्रभुभोजनाच्या रविवारी निकेयाचा विश्वासांगीकार सगळ्यांनी उभे राहून म्हणा. दोन मिनिटे लागतात. छापील कागद वाटा, प्रोजेक्टरवर ओळी भराभर सरकतात. बाप्तिस्म्याच्या तयारीवर्गात साक्षीबरोबर तो पाठ करून घ्या आणि प्रत्येक ओळीला एक बायबलवचन शोधायला सांगा. वयस्कर माणसे ‘हे कॅथलिकांचे आहे’ म्हणतील; त्यांना वाद न घालता योहानाचा पहिला अध्याय वाचायला द्या. आणि प्रार्थना चालवणाऱ्यांना एकदा, बाजूला घेऊन, सांगा : पित्याकडे, पुत्राच्या द्वारे, आत्म्यात.